मोरो बेटे आणि मोरोपंत

वाशीम जिल्ह्यातील अनसिंग येथे आम्ही एका स्नेह्यांकडे नोव्हेंबरच्या अखेरीस मुक्कामाला होतो. ३ डिसेंबरचा सण जवळ आल्यामुळे रात्रीच्या प्रार्थनेनंतर संत फ्रान्सिस झेवियर यांचे एक मराठी चरित्र घरात मोठ्याने वाचले जाई. घरची शाळकरी मुलगी नकाशाशी अडखळली. नकाशात ‘मोरो’ असे छापलेले, तर मजकुरात ‘मुसलमानांची बेटे’. “काका, हा आपल्या मोरोपंतांतला मोरो का?” तिने विचारले. सगळे हसले, पण चरित्रकारापेक्षा तिची शंका अधिक सावध होती, असे आमचे मत आहे.

मोरोपंतांतला ‘मोरो’ हा मोरेश्वराचा. मोरगावच्या गणपतीच्या या नावात मोर आहे, आणि मोर संस्कृत ‘मयूर’वरून आला. म्हणूनच बारामतीचे कवी मोरोपंत (१७२९–१७९४) स्वतःला ‘मयूर’ म्हणवीत. शिवाजी महाराजांचे पेशवे मोरो त्रिंबक पिंगळे इंग्रजांच्या कागदांत ‘मोरो पंडित’ होऊन बसले. त्यावरून कोणी त्यांना मूर ठरविले नाही, हे नशीब!

युरोपातील ‘मोरो’चे कूळ वेगळे. आफ्रिकेच्या वायव्य भागाला रोमन लोक मॉरेटानिया म्हणत आणि तेथील रहिवाशाला मॉरुस. म्हणजे मुळात हा शब्द प्रदेशाचा. ७११ साली मुस्लिम सैन्य स्पेनमध्ये उतरले, आणि पुढील शतकांत तो धर्माचा झाला. कधी तो केवळ वर्णाचाही होई. सिसिलीतील संत बेनेदेत्तो यांना ‘मोरो’ म्हणतात. ते आफ्रिकन गुलाम आईबापांचे पुत्र, फ्रान्सिस्कन बंधू, आणि १८०७ साली संत म्हणून घोषित झालेले. त्यांचे ‘मोरो’ मराठीत ‘मुसलमान’ केले तर काय अनर्थ होईल, हे सांगावयास नको.

पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले ते ‘मोरु’ हा शब्द पदरी बांधूनच. केरळचा व्यापारी असो वा विजापूरचा सरदार, मुसलमान दिसला की तो मोरु. स्पॅनिश लोकांनी फिलिपिन्समध्ये तेच केले. तेथे मात्र शब्दाने मालक बदलला. दक्षिणेकडील मुसलमानांनी विसाव्या शतकात परक्यांनी दिलेले हे नाव अभिमानाने उचलले. २०१९ साली त्यांचा बांग्सामोरो हा स्वायत्त प्रदेश स्थापन झाला. त्यातील ‘बांग्सा’ म्हणजे आपलाच ‘वंश’, मलय भाषेतून गेलेला.

आता मूळ मुद्दा. झेवियर १५४६ साली मोलुक्का द्वीपसमूहातून ज्या मोरो भागात गेले, त्याचा मूर लोकांशी काहीही संबंध नाही. ते तेथले स्थानिक नाव आहे. हाल्माहेरा बेटाच्या उत्तर भागाला मोरोतिया, म्हणजे जमिनीकडचा मोरो, आणि समोरच्या बेटाला मोरोताई, म्हणजे समुद्राकडचा मोरो, असे म्हणत. मोरोताई आजही इंडोनेशियाच्या नकाशावर आहे. संतांच्या पत्रांत मुसलमान या अर्थाचा शब्दही येतो आणि हे स्थलनामही येते. घोटाळा तेथेच होतो.

हा घोटाळा क्षुल्लक नव्हे. झेवियर तेथे गेले ते आधीच बाप्तिस्मा घेतलेल्या आणि धर्मगुरूवाचून राहिलेल्या गावांसाठी. विषप्रयोगाच्या भीतीने मित्रांनी त्यांना अडविले होते. त्या बेटांना देवावरील भरवशाची बेटे म्हणावे, असे त्यांनी पुढे लिहिले. आसपासचे सुलतान मुसलमान होते, हे खरे. पण ‘मुसलमानांची बेटे’ म्हटल्याबरोबर पोरक्या ख्रिस्ती गावांना दिलेली भेट शत्रूच्या मुलखावरची स्वारी होऊन बसते, आणि वाचणाऱ्या मुलांच्या मनात शेजारच्या मुसलमान घराविषयी नसती अढी पडते. चरित्र एरवी प्रेमाने लिहिलेले आहे, म्हणूनच हे अधिक खटकते. पुढील आवृत्तीत ‘मोरो बेटे’ एवढेच छापावे आणि खाली एका ओळीची टीप द्यावी.

अनसिंगच्या त्या मुलीने तेवढाही धीर धरला नाही. तिने पेन्सिलीने समासात ‘मोरो, गावाचे नाव’ असे लिहून टाकले. पुस्तक ग्रंथालयाचे होते. तरी आम्ही काही बोललो नाही.