गर्दीचं शुल्क आणि राहिलेलं देणं

'शहराच्या मध्यभागी गाडी आणणाऱ्याकडून पैसे घ्या आणि त्या पैशांतून बस-रेल्वे सुधारा' हे म्हणणं इतकं सरळ वाटतं, की त्यावर प्रश्न विचारावा असं सहसा कुणाला वाटत नाही. मला आज तो विचारायचा आहे. माझा आक्षेप शुल्कावर नाही, त्याच्या या समर्थनावर आहे.

रस्त्यावर पैसे म्हटलं की आपल्याला टोलनाका आठवतो. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवरचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांना माफ झाला. तो टोल उड्डाणपुलांचा खर्च भरून काढण्यासाठी होता, म्हणजे बांधलेल्या वस्तूची वसुली होती. गर्दीचं शुल्क वेगळं आहे. रस्ता आधीच असतो, जागा अपुरी पडते. मी गाडी आत घातली की मागच्या प्रत्येकाचा थोडा वेळ मी खातो, आणि त्याची किंमत मात्र मोजत नाही. ती मोजायला लावणं हे या शुल्काचं मूळ कारण.

आता बघा, यात निधीचा हेतू मिसळला की पेच होतो. गाड्या कमी व्हाव्यात हा एक हेतू, पैसे जमावेत हा दुसरा. पहिला पुरता साधला तर गल्ला रिकामा. दुसरा साधायचा तर गाड्या येत राहाव्यात असं मनातून वाटू लागतं. दारूवरच्या करातून व्यसनमुक्ती केंद्र चालवण्यासारखं आहे हे.

न्यूयॉर्कमध्ये हा पेच उघडा पडला. तिथल्या २०१९ च्या कायद्याने उद्दिष्टच पैशांत लिहिलं: मॅनहॅटनच्या शुल्कातून सार्वजनिक वाहतुकीसाठी १५ अब्ज डॉलर उभे राहावेत. जून २०२४ मध्ये, योजना सुरू व्हायला काही आठवडे उरले असताना, गव्हर्नर कॅथी होकल यांनी ती थांबवली. लगेच सेकंड अ‍ॅव्हेन्यूच्या भुयारी रेल्वेचं पुढचं काम अडलं. शेवटी ५ जानेवारी २०२५ ला शुल्क आलं, ते १५ ऐवजी ९ डॉलरचं. म्हणजे रेल्वेने जाणाऱ्याची सोय गाडीवाल्याच्या नाराजीला टांगलेली!

कुणी म्हणेल, पैसे कुठे जाणार हे बांधून दिलं नाही तर लोक विश्वास कसा ठेवतील? प्रश्न रास्त आहे. लंडनने १७ फेब्रुवारी २००३ ला पाच पौंडांचं शुल्क सुरू केलं, तेव्हा निव्वळ उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करण्याचं कायद्याचं बंधन होतं. पण त्याच सुमारास जादा बसही रस्त्यावर आल्या होत्या. शुल्काचे पैसे साठेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

स्टॉकहोमचा अनुभव आणखी बोलका आहे. तिथे जादा बस ऑगस्ट २००५ मध्ये आल्या आणि प्रायोगिक शुल्क जानेवारी २००६ मध्ये. हद्द ओलांडणारी वाहतूक सुमारे एक पंचमांशाने घटली. सप्टेंबरमध्ये शहराने मतदानात शुल्काला कौल दिला. मग सत्तांतर झालं आणि नव्या सरकारने उत्पन्न रस्तेबांधणीकडे वळवलं. तरी २००७ मध्ये शुल्क कायम झालं, गर्दी पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही. म्हणजे शुल्क टिकायला बसचं वचन लागतंच असं नाही.

मग वचन सोडून द्यायचं का? मुळीच नाही. फक्त त्याचा आधार बदलायला हवा. ज्याने पैसे भरले त्याला मोकळा रस्ता मिळाला, त्याचा हिशेब तिथेच फिटला. ज्याला शुल्क परवडलं नाही म्हणून गाडी घरी ठेवावी लागली, त्याने एक पैसाही भरलेला नाही, आणि तरी त्या मोकळ्या रस्त्याची किंमत त्यानेच मोजली आहे. त्याचं देणं शिल्लक राहतं. जमाखर्चाच्या वहीत हा माणूस कुठेच दिसत नाही, ही त्या सरळ समर्थनातली खरी उणीव आहे.

आणि देणं हे गल्ल्यात किती जमलं यावर अवलंबून नसतं. शुल्क कमी जमलं, तर त्याचा अर्थ जास्त लोकांनी गाडी सोडली असाही असू शकतो, म्हणजे देणं वाढलं. म्हणून बसचा पाया नेहमीच्या अंदाजपत्रकात हवा, शुल्काचे पैसे वरची भर. उद्या आपल्या एखाद्या शहरात हा प्रस्ताव आला, तर 'किती कोटी मिळतील?' हा प्रश्न नंतर विचारा. आधी विचारा, पहिल्या दिवशी सकाळी थांब्यावर बस उभी असेल का?