संशोधन, चळवळ आणि रोहिणीचे पाणी

विद्यापीठीय संशोधन आणि सामाजिक न्यायाची चळवळ यांचे नाते काय असावे, हा प्रश्न बहुधा परिसंवादांतून चर्चिला जातो. माझ्यापुढे तो खामगावच्या एका विहारात, वर्षावासातील ग्रंथवाचनाच्या वेळी उभा राहिला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातील सिद्धार्थाच्या परिव्रज्येचे प्रकरण नुकतेच वाचून झाले होते. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेला कलह, शाक्यसंघात सिद्धार्थाने युद्धाला केलेला विरोध, बहुमताने झालेला त्याचा पराभव आणि त्यातून त्याने पत्करलेली परिव्रज्या, असा तो भाग आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातून आलेल्या एका वृद्ध उपासिकेने विचारले, “सर, हे पाण्याचं भांडण त्रिपिटकात कुठी हाये?” मी, पालीचा अध्यापक, “संदर्भ पुष्कळ आहेत,” असे मोघम बोलून वेळ निभावून नेली. ते उत्तर प्रामाणिक नव्हते. त्या उत्तराची दुरुस्ती करावी, आणि त्या निमित्ताने मूळ प्रश्नाचाही विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम मूळ साधने पाहू. वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी या चार दर्शनांची लोकप्रिय कथा गोतम बुद्धाच्या चरित्रात येते ती जातकाच्या अट्ठकथेतील निदानकथेत. दीघनिकायाच्या महापदानसुत्तात ती आहे, परंतु तेथे ती विपस्सी या पूर्वबुद्धाविषयी सांगितली आहे. मज्झिमनिकायाच्या अरियपरियेसनसुत्तात भगवान स्वतःच्या गृहत्यागाविषयी बोलतात. तेथे रथ नाही, सारथी नाही, मध्यरात्रीचे पलायन नाही. मातापिता रडत असताना आपण केस उतरवून घर सोडले, एवढेच ते सांगतात. सुत्तनिपाताचा अट्ठकवग्ग त्रिपिटकाच्या प्राचीनतम भागांपैकी एक मानला जातो. त्यातील अत्तदण्डसुत्तात संवेगाचे कारण वेगळेच आहे: शस्त्र उचलण्यातून भय निर्माण होते, आणि आटत्या पाण्यातील माशांसारखी परस्परांशी झुंजणारी माणसे पाहून आपण व्यथित झालो, असा त्या वचनांचा आशय आहे.

रोहिणीच्या पाण्याचा कलह येतो तो अट्ठकथांत. धम्मपदाच्या सुखवग्गावरील अट्ठकथेत आणि कुणालजातकाच्या प्रास्ताविक कथेत तो सविस्तर आहे. कुणालजातकाची कथा त्या प्रसंगाला अत्तदण्डसुत्ताशी जोडते. मात्र या दोन्ही ठिकाणी भगवान बुद्धत्वप्राप्तीनंतर तेथे येतात आणि पाणी मोलाचे की माणसांचे रक्त, असे दोन्ही पक्षांना विचारून युद्ध टाळतात. सिद्धार्थाने शाक्यसंघाच्या सभेत मतदानात पराभव पत्करला, असे मात्र पाली साहित्यात कोठेही नाही. हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

मग बाबासाहेबांची मांडणी निराधार ठरते काय? या ठिकाणी आपल्या विद्यापीठीय परंपरेचीही झडती घेणे आवश्यक आहे. १९५७ मध्ये मूळ इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर त्यात तळटीपा नाहीत, मूळ धम्माला मुरड घातली आहे, असे आक्षेप काही बौद्ध नियतकालिकांनीच घेतले. तळटीपांविषयीचा आक्षेप रास्त होता. परंतु बाबासाहेबांनी प्रस्तावनेत उपस्थित केलेला पहिलाच प्रश्न, एकोणतीस वर्षांच्या माणसाने त्यापूर्वी म्हातारा, रोगी वा प्रेत पाहिलेच नव्हते हे कसे मानावे, हा चिकित्सेचाच प्रश्न होता आणि निकायांतील पुरावा त्यांच्या बाजूचा होता. आपल्या शालेय आणि महाविद्यालयीन पुस्तकांतून मात्र तीच चार दर्शने इतिहास म्हणून छापली जात राहिली. पालीचा शब्दकोश आणि व्याकरण स्वतः सिद्ध करणाऱ्या माणसावर मूळ साधनांच्या अज्ञानाचा आरोप करणे तर अधिकच विपरीत होते. त्यांचे ते काम १९९८ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध झाले.

या प्रश्नाची वाट त्यापूर्वी धर्मानंद कोसंबी यांनी मोकळी केली होती. ‘भगवान बुद्ध’ (१९४०) या ग्रंथात त्यांनी चार दर्शनांची कथा बाजूला सारून अत्तदण्डसुत्ताला महत्त्व दिले आणि शाक्य-कोलियांच्या कलहाशी गृहत्यागाची सांगड घातली. हार्वर्डमध्ये विसुद्धिमग्गाच्या संशोधित आवृत्तीसाठी हस्तलिखिते ताडून पाहणारे कोसंबी आणि १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात जाणारे कोसंबी ही दोन निराळी माणसे नव्हेत. परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. शस्त्राच्या भयाविषयीचे ते सुत्त त्यांनी का निवडले, याचे एक उत्तर त्यांच्या काळात आणि कार्यात सापडते. सुत्त शेकडो वर्षे तेथेच होते; त्याकडे पाहण्याची दृष्टी चळवळीने दिली.

इतर ज्ञानशाखांतही हेच दिसते. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवर निबंध वाचणारे आंबेडकर १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर उभे राहिले. त्याच तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात १९३७ मध्ये निकाली निघाला, तो अस्पृश्यांना मज्जाव करणारी रूढी अनादी असल्याचे प्रतिपक्षाला सिद्ध करता आले नाही म्हणून. तेथे पुराव्याच्या काटेकोरपणाने चळवळीचे पाणी राखले. गेल ऑम्व्हेट यांनी ब्राह्मणेतर चळवळीवर १९७३ मध्ये बर्कली येथे प्रबंध सादर केला आणि पुढे सांगली जिल्ह्यातील कासेगावी राहून पाण्याच्या समन्यायी वाटपाच्या लढ्यात भाग घेतला. त्यांचा भारतातील बौद्ध धम्मावरील ग्रंथ २००३ चा आहे. २०२१ मध्ये कासेगावीच त्यांचे निधन झाले.

आता आपल्या बाजूचा दोष. मूळ संदर्भ विचारणाऱ्याकडे आपल्या वर्तुळात संशयाने पाहिले जाते. भदंत आनंद कौसल्यायन यांनी तसे केले नाही. या ग्रंथाचा हिंदी अनुवाद करताना त्यांनी पाली साहित्यातील आधारस्थाने शोधून काढली. श्रद्धेने केलेली ती चिकित्सा होती आणि तिच्यामुळे ग्रंथाचे बळ वाढले. महापरिनिब्बानसुत्तातील चार महापदेसांचा दंडक हाच आहे: कोणी कितीही अधिकाराने काही सांगितले, तरी ते सुत्त आणि विनय यांच्याशी ताडून पाहावे. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्याची जी कसोटी दिली, ती बुद्धिनिष्ठेची आणि मानवी कल्याणाची आहे. पहिली कसोटी काय सांगितले गेले हे ठरवते, दुसरी त्यातील काय स्वीकारायचे हे ठरवते. या दोहोंची गल्लत केली की पंडित कोरडा होतो आणि कार्यकर्ता भाबडा.

माझ्या मते, रोहिणीचा प्रसंग गृहत्यागापूर्वी आणणे ही बाबासाहेबांची स्वतंत्र रचना आहे. तिला अत्तदण्डसुत्ताचा आणि अट्ठकथेचा आधार आहे, कालक्रमाचा नाही. अरियपरियेसनसुत्तात जन्म, जरा आणि मरण यांच्या पलीकडचा शोधही सांगितला आहे, आणि तो आपल्या सामाजिक अन्वयार्थाला गैरसोयीचा आहे म्हणून लपविता येणार नाही. हे मान्य केल्याने त्या ग्रंथाची प्रतिष्ठा कमी होत नाही. दुःखाचे मूळ माणसामाणसांतील संघर्षातही आहे, हे वचन पालीत आहेच.

पुढील रविवारी मी विहारातील फळ्यावर तीन रकाने आखले: निकायांत काय आहे, अट्ठकथेत काय आहे, बाबासाहेबांनी काय मांडले. एका कार्यकर्त्याने भीती व्यक्त केली की विरोधक याचा उपयोग करतील. ती भीती निराधार नाही. परंतु विरोधकाने दाखविण्यापूर्वी आपणच आपल्या लोकांना सांगणे अधिक सुरक्षित, असे मी म्हणालो. त्या वृद्ध उपासिकेने एवढेच विचारले की पहिला रकाना मराठीत वाचायला कोठे मिळेल. मला पुन्हा संकोच वाटला, कारण माझा स्वतःचा प्रबंध इंग्रजीत असून विद्यापीठाच्या कपाटात आहे.

म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. पालीच्या प्रत्येक प्रबंधाचा मराठी सारांश संशोधकाने आपल्या गावच्या विहारात वाचून दाखवावा. आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे जेथे जेथे सामुदायिक वाचन होते, तेथे कौसल्यायनांच्या मार्गाने सिद्ध केलेली मराठी संदर्भसूची वाचकांच्या हाती असावी. परिव्रज्येच्या प्रकरणाची सूची मी खामगावच्या त्या विहारात ठेवली आहे. तिच्यातील चुका दाखविण्याचा अधिकार तेथील प्रत्येक वाचकाला आहे.