क्योटोचे फोटो आणि आपला 'डेटा'

क्योटोचे फोटो तुम्ही पाहिलेले असणारच. दगडी फरसबंदीची चढण, दोन्ही बाजूंना काळपट लाकडी घरं, मागे पाच मजली पॅगोडा, मध्ये किमोनो घातलेल्या दोन मुली. किंवा मग लाल-पिवळ्या-हिरव्या छपराखालचा अरुंद बाजार, काडीला टोचलेला छोटासा ऑक्टोपस आणि त्याच्या डोक्यात भरलेलं लाव्याचं अंडं. फोटो सुंदर असतात, त्याबद्दल वाद नाही. माझा वाद आहे तो ते पाहताना आपण मनातल्या मनात जे वाक्य लिहितो त्याच्याशी: "जपानी लोकांनी जुनं शहर कसं जपलंय बघा!" हे वाक्य म्हणजे निष्कर्ष आहे. आणि तो काढायला लागणारा पुरावा त्या फोटोत नाही.

नेट-सेटच्या तयारीत आपण सिलेक्शन बायसची व्याख्या पाठ करतो आणि तिथेच सोडून देतो. आज हे फोटोच सॅम्पल म्हणून घेऊ या.

पहिला प्रश्न साधा आहे. फोटो शहराच्या किती भागातले आहेत? जपानने 1975 साली आपल्या सांस्कृतिक वारसा कायद्यात बदल करून एकेकट्या इमारतीऐवजी अख्खी वस्ती जपण्याची सोय केली. 1976 साली निवडलेल्या पहिल्या क्षेत्रांमध्ये क्योटोची दोन होती: सान्नेनझाका ही चढण आणि गिओन शिनबाशी. पुढे सागा तोरीइमोतो आणि कामिगामो यांची भर पडली. ही चारही क्षेत्रं मिळून होतात सुमारे 15 हेक्टर. क्योटो शहराच्या हद्दीचं क्षेत्रफळ आहे सुमारे 828 चौरस किलोमीटर, म्हणजे 82,800 हेक्टर. आता यातला बराच भाग डोंगर आणि जंगल आहे, त्यामुळे थेट भागाकार करून टक्केवारी मिरवू नका, परीक्षक लगेच पकडतील. पण अंदाज तर आला ना? पॅगोडाचा तो फोटो ज्या उतारावरून निघतो, तो या 15 हेक्टरांमध्ये किंवा त्यांच्या कडेला आहे.

दुसरा प्रश्न: फोटोत जे दिसतं ते 'जुनं' आहे म्हणजे नेमकं किती जुनं? आपण मनात सरळ हजार वर्षं धरतो, कारण क्योटो 794 पासून राजधानी होतं हे कुठेतरी वाचलेलं असतं. पण लाकडाचं शहर जळतं. 1788 च्या आगीत शहराचा मोठा भाग गेला, 1864 च्या लढाईत लागलेल्या आगीत मध्यवर्ती भाग पुन्हा गेला. गिओनमधला हानामिकोजी हा सगळ्यात जास्त फोटो निघणारा रस्ता. त्याचा दक्षिणेकडचा भाग पूर्वी केन्निन-जी या देवळाची जमीन होता. तिथली चहाघरांची वस्ती मेइजी काळातली, म्हणजे आपल्याकडे रेल्वे आल्यानंतरची. त्या रस्त्यावर डोक्यावर तारा दिसत नाहीत, कारण त्या जमिनीखाली घातल्यात. जपानमधल्या कुठल्याही साध्या गल्लीचा फोटो शेजारी ठेवा, खांब आणि तारांचं जाळं दिसेल. म्हणजे फोटोतला 'जुनेपणा' काही अंशी अगदी अलीकडच्या खोदकामाचा परिणाम आहे! तसंच आकाशरेषेचं. 2007 साली शहराने मध्यभागातली इमारतींची कमाल उंची 45 मीटरवरून 31 मीटरवर आणली, गच्चीवरच्या जाहिराती आणि लुकलुकणारे फलक बंद केले. फ्रेमच्या वरच्या कडेला काही खुपत नाही, त्यामागे हा नियम आहे.

मी याला फसवणूक म्हणत नाहीये. देखभाल ही देखभालच असते आणि तिला पैसा, कायदा आणि शेजाऱ्यांचं एकमत लागतं. माझं म्हणणं एवढंच की फोटो पाहून आपण काळ मोजतो, आणि त्यात खरं तर मोजलं जातंय ते नियमन.

मग जुन्या घरांचं मोजमाप करायचं कसं? इथे क्योटो महापालिकेने केलेलं काम संशोधनाच्या विद्यार्थ्याने नीट पाहावं असं आहे. तिथल्या पारंपरिक लाकडी घरांना माचिया म्हणतात: रस्त्याकडे तोंड अरुंद, आत लांबलचक. या लांबटपणाला तिकडे 'ईल माशाचं अंथरूण' म्हणतात. मोजणीसाठी पालिकेने व्याख्या केली ती 'सुंदर' किंवा 'प्राचीन' अशी नाही, तर पारंपरिक पद्धतीने 1950 पूर्वी बांधलेलं लाकडी घर अशी. 1950 का? कारण त्या वर्षी देशाचा इमारत बांधकाम कायदा आला आणि पुढची घरं वेगळ्या नियमांनी उभी राहू लागली. ऑपरेशनल डेफिनिशन म्हणजे काय, असा प्रश्न मुलाखतीत आला तर हे उदाहरण द्या. कोणीही वेगळ्या गावचा माणूस ही व्याख्या वापरून तीच घरं मोजू शकतो.

आणि मोजल्यावर काय निघालं? 2016 च्या सर्वेक्षणात सुमारे 40 हजार माचिया उरल्या होत्या. आधीच्या मोजणीपासूनच्या सात वर्षांत सुमारे 5,600 पाडल्या गेल्या होत्या, म्हणजे रोजच्या दोन. उरलेल्यांपैकी साधारण सातातलं एक घर रिकामं. वारसा कर, दुरुस्तीचा खर्च, मोक्याच्या जागेचा भाव, आणि एकदा पाडलं की आगीच्या नियमांमुळे तसंच पुन्हा बांधता न येणं, अशी कारणं एकात एक गुंतलेली आहेत. 2017 मध्ये पालिकेने नियम केला की निवडलेली माचिया पाडायची तर मालकाने वर्षभर आधी कळवायचं. आता हे आकडे आणि आपलं सुरुवातीचं वाक्य शेजारी ठेवा. ज्या वर्षांत क्योटोच्या गल्ल्यांचे फोटो जगभर पसरत होते, त्याच वर्षांत दिवसाला दोन घरं जात होती. पाडलेल्या घराचा फोटो कोण टाकतो?

बाजाराकडे वळते. निशिकी बाजार म्हणजे सुमारे 390 मीटरची एक गल्ली, सव्वाशेच्या आसपास दुकानं, टोपणनाव 'क्योटोचं स्वयंपाकघर'. जमिनीखालचं थंड पाणी मासे टिकवायला सोयीचं होतं म्हणून बाजार इथे रुजला. 1716 साली जन्मलेला चित्रकार इतो जाकुचू हा इथल्याच भाजीच्या घाऊक व्यापाऱ्याचा थोरला मुलगा. 1770 च्या दशकाच्या सुरुवातीला बाजाराच्या परवान्यावर गदा आली तेव्हा तो टिकवण्यासाठी त्याने खटपट केली. क्योटो राष्ट्रीय संग्रहालयात त्याचं एक चित्र आहे. पालथ्या टोपलीवर एक मुळा आडवा झालाय आणि भोवती तऱ्हेतऱ्हेच्या भाज्या-फळं शोकाकुल उभी आहेत, थेट बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची मांडणी! विनोद म्हणा, भक्ती म्हणा, पण त्या माणसाला प्रत्येक भाजी ओळखीची होती हे पटकन कळतं. आजही बाजार बंद झाल्यावर दुकानांच्या शटरवर त्याचीच चित्रं दिसतात.

आता निशिकीचे आजचे फोटो बघा आणि त्यात मुळा शोधा. सापडला तर तो खारवून पिंपात ठेवलेला असतो. बाकी सगळं काडीवर.

इथे लगेच "पर्यटकांनी बाजार बिघडवला" असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. थांबा. 1927 साली क्योटोत जपानमधला पहिला मध्यवर्ती घाऊक बाजार सुरू झाला आणि निशिकीतले बरेच घाऊक मासळीवाले तिकडे गेले. नंतर रिकाम्या जागी किरकोळ दुकानं भरली. म्हणजे 'मूळ' निशिकी कुठल्या वर्षीचा मानायचा, हा आधीचा प्रश्न. बेसलाइन न ठरवता 'बदल' हा शब्द सिनॉप्सिसमध्ये लिहू नका. आत्ताचा बदल मात्र वेगळ्या जातीचा आहे. 1927 मध्ये विकणारे बदलले, घेणारा शेवटी क्योटोतल्या घरातच शिजवत होता. आता घेणारा तिथेच उभ्याने खातो. व्यापारी संघाला चालता चालता खाऊ नका अशी विनंती करावी लागते, कारण गल्ली अरुंद आहे आणि ज्या बाईला रात्रीसाठी मासा घ्यायचाय तिला पुढे सरकता येत नाही.

ती बाई फोटो काढत नाही. आणि इथे आपल्या पद्धतीचा खरा घोळ सुरू होतो.

जिओटॅग असलेल्या फोटोंवर संशोधन करणं हल्ली सोपं आणि स्वस्त झालंय. 2013 साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासात जगभरातल्या 836 पर्यटनस्थळांवरचे फ्लिकरचे फोटो आणि तिथल्या भेटींची प्रत्यक्ष मोजणी यांची तुलना केली होती. कुठे किती लोक जातात याचा अंदाज फोटोंवरून येऊ शकतो, असं त्यातून दिसलं. काम काळजीपूर्वक केलेलं आहे आणि दाव्याची हद्दही त्यांनी पाळलीय. पण तिथून एक पायरी घसरून 'जिथे फोटो जास्त तिथे वारसा जास्त' किंवा 'फोटो कमी झाले म्हणजे आकर्षण कमी झालं' असं म्हटलं की प्रॉक्सी हातातून निसटला.

गिओन हा त्याचा चोख पुरावा आहे. मुख्य रस्त्याला फुटणाऱ्या बोळांपैकी बरेच खासगी मालकीचे आहेत. गेइको आणि माइको यांचा पाठलाग, अंगाला हात लावणं, दारात डोकावणं याला कंटाळून रहिवाशांनी 2019 मध्ये तिथे फोटोबंदीच्या पाट्या लावल्या, 10,000 येन दंडाच्या उल्लेखासकट. 2024 मध्ये काही बोळांत पर्यटकांना येणंच बंद केलं. समजा तुमचं मॉडेल 2015 ते 2025 चे फोटो मोजतंय. या बोळांवर आलेख खाली जाईल. तुम्ही त्याला काय नाव द्याल? आकर्षण घटलं? उलट आहे, आकर्षण इतकं वाढलं की राहणाऱ्यांनी दार लावून घेतलं. डेटामध्ये हे कुठेही लिहिलेलं नसतं. ते बोळाच्या तोंडाशी पाटीवर लिहिलेलं असतं.

आणखी एक बारीक गोष्ट. 'स्थानिक संस्कृती' असं लेबल लावून किमोनोतल्या माणसांच्या प्रतिमा मॉडेलला शिकवायच्या असतील तर आधी हे बघा की सान्नेनझाकाच्या आसपास किमोनो दिवसभराच्या भाड्याने मिळतात आणि ते घेणारे बहुतेक पर्यटक असतात. रिकाम्या गल्लीच्या फोटोंचा टाइमस्टॅम्पही काढून बघा. पहाटेचा असेल.

म्हणून तुमच्यापैकी कोणी बाजारांवर प्रस्ताव लिहीत असेल तर माझी सूचना थोडी रुक्ष आहे. फोटो वापरा, पण विषय म्हणून नाही, कागदपत्र म्हणून. फोटोतला ऑक्टोपस सोडा आणि मागची किमतीची पाटी झूम करून वाचा. भाव 100 ग्रॅमचा लिहिलाय की एका काडीचा? एकाच दुकानाचे दहा वर्षांतले फोटो लावून ही एकच नोंद करत गेलात तर घरी नेऊन शिजवणारं गिऱ्हाईक कधी कमी झालं याचा निदान एक माग हाती लागेल. पाट्या जपानीत असतात, तेव्हा अंक आणि दोन-चार चिन्हं शिकून घ्यावी लागतील. तेवढं एका रविवारात होतं.