‘ट्रिंकोमाली’ आणि मराठीतील नौकावाचक शब्द

मुंबईच्या गोदीत बांधलेल्या ‘ट्रिंकोमाली’ या ब्रिटिश आरमारी जहाजाचा उल्लेख मराठीत बहुधा ‘युद्धनौका’ या शब्दाने केला जातो. शब्द अशुद्ध नाही. पण तो इतका पसरट आहे की शिडाचे फ्रिगेट आणि आजची पोलादी विनाशिका या दोहोंना तो सारखाच लागू पडतो. ज्या शब्दाने काहीच वेगळे काढता येत नाही, त्याची इतिहासलेखनात किंमत ती काय?

हे जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात लोटले गेले. त्याचे मूळ आराखडे ‘जावा’ या जहाजावरून मुंबईकडे निघाले होते. परंतु १८१२ च्या अखेरीस अमेरिकनांच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ जिंकून जाळले आणि आराखडे पुन्हा पाठवावे लागले. बांधणी वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली झाली, लाकूड सागाचे. नेपोलियनच्या युद्धांमुळे इंग्लंडात ओकची टंचाई होती. जहाज पाण्यात उतरल्यानंतर चोविसाव्या दिवशी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. पेशवाईचा शेवट आणि या जहाजाचा आरंभ एकाच हंगामातला, ही गोष्ट मराठी लेखकांच्या सहसा ध्यानी येत नाही.

काही लेखक ‘युद्धनौका’ टाळून ‘गुराब’ योजतात. हा उपाय अधिक घातक होय. आंग्र्यांच्या आरमारातील गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची असून तिचा पुढील भाग सखल असे आणि मुख्य तोफा नाळेवरून समोर डागल्या जात. फ्रिगेटची शक्ती तिच्या दोन्ही बाजूंच्या तोफांच्या ओळींत होती. गुराब शत्रूकडे तोंड करी, फ्रिगेट कूस. या एका फरकावर दोन आरमारांच्या युद्धपद्धती उभ्या होत्या, आणि ‘गुराब’ हा शब्द नेमका तोच झाकतो. ‘गलबत’ तर त्याहून हलके, शिडांबरोबर वल्ह्यांवर चालणारे; त्याचा येथे विचारही नको.

मग काय म्हणावे? ‘फ्रिगेट’च म्हणावे. परकीय शब्दाचा संकोच मराठीच्या दर्यावर्दी व्यवहाराने कधी बाळगला नाही. ‘आरमार’ पोर्तुगीजांकडून आले, ‘सुकाणू’ आणि ‘गुराब’ अरबीतून. देवाणही झाली: ‘गुराब’चेच इंग्रजांनी ‘ग्रॅब’ केले आणि ‘तांडेल’ त्यांच्या जहाजांवर ‘टिंडल’ झाला. ‘नांगर’ या शब्दाची कथा तर विशेष उद्बोधक आहे. गोदावरीकाठच्या पुणतांब्याचा शेतकरी ज्याला नांगर म्हणतो तो संस्कृत ‘लाङ्गल’चा वंशज; कोकणचा खलाशी समुद्रात टाकतो तो नांगर फारसी ‘लंगर’पासून आलेला. उगम दोन, पण आद्य ‘ल’चा ‘न’ होऊन मराठीत रूप एक झाले. ज्या भाषेने फारसी शब्द असा आपल्या शेतातल्या अवजारासारखा करून घेतला, तिला ‘फ्रिगेट’ जड जावे हे पटत नाही.

‘ट्रिंकोमाली’ची पुढील हकीकत थोडक्यात अशी: १८९७ साली ते विकले गेले, ‘फूद्रवायाँ’ या नावाने १९८६ पर्यंत शिक्षणनौका म्हणून राहिले, १९९२ मध्ये त्याला मूळ नाव परत मिळाले आणि आज ते इंग्लंडातील हार्टलपूल येथे पाण्यावर आहे. तेथे त्याचे वर्णन मुंबईत बांधलेले फ्रिगेट असेच केले जाते. मराठीत मात्र ते अद्याप नुसती ‘युद्धनौका’ आहे.