अपुरी वर्तुळे : लंडनचा रिंगरोड, रेल्वे आणि कादंबरीतला प्रवासी

लंडन शहरात आणि शहराभोवती वाहतुकीची निदान चार वर्तुळे आहेत आणि त्यांतले एकही पूर्ण नाही. शहराला बाहेरून वेढणारा १८८ किलोमीटरचा एम-२५ महामार्ग पूर्वेला डार्टफर्डपाशी थेम्स ओलांडण्याआधी कागदोपत्री संपतो. तिथला पूल आणि बोगदे ए-२८२ या वेगळ्या रस्त्यात मोडतात. भुयारी रेल्वेची सर्कल लाइन १८८४ मध्ये जोडली गेली, पण २००९ पासून तिच्या गाड्या गोल फिरत नाहीत; त्या हॅमरस्मिथला सुरू होतात आणि एक फेरा घेऊन एजवेअर रोडला थांबतात. साउथ सर्क्युलर नावाचा रस्ता बराचसा जुन्या रस्त्यांवर लावलेल्या पाट्यांचाच बनलेला आहे. २०१२ च्या डिसेंबरात पुरी झालेली ओव्हरग्राउंड रेल्वेची वर्तुळरेषा नकाशावर गोल दिसते खरी. पण एका गाडीत बसून ती फिरता येत नाही, मध्ये उतरून गाडी बदलावी लागते.

वाहतुकीच्या अभ्यासकाला यात तांत्रिक कारणे दिसतील. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र इथे एक निराळा प्रश्न पडतो. शहराच्या केंद्राकडे जाणारा रस्ता कथेला आयताच आरंभ आणि शेवट देतो : कोणीतरी गावाहून येतो, शहरात शिरतो, टिकतो किंवा परततो. वर्तुळाकार मार्गावर असे पोचणे नसते. मग अशा मार्गाबद्दल लिहिणाऱ्याने कोणाची गोष्ट सांगायची? लंडनच्या वर्तुळांवर गेल्या पन्नास वर्षांत इंग्रजीत जे महत्त्वाचे लेखन झाले, त्यातील तीन पुस्तके या प्रश्नाच्या अंगाने वाचण्याचा हा प्रयत्न आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : या लेखनाने वर्तुळावरचा मोटारचालक पाहिला, वर्तुळाकाठचा पादचारी पाहिला, प्रवासी मात्र पाहिला नाही. आणि ही उणीव केवळ साहित्याची नाही. रिंगरोड आखणाऱ्यांच्या नजरेतही तीच आहे.

आधी आराखड्याकडे पाहू, कारण आराखडा हीसुद्धा एक संहिताच असते. दुसरे महायुद्ध चालू असतानाच पॅट्रिक अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी १९४३ मध्ये, फॉरशॉ यांच्या सोबतीने, काउंटी ऑफ लंडनचा आराखडा केला आणि १९४४ मध्ये बृहद् लंडनचा. त्यांत एकात एक बसणारी रस्त्यांची वर्तुळे होती, शहराची वाढ रोखणारा हरितपट्टा होता आणि त्यापलीकडे नवी नगरे. वर्तुळांमागचा हेतू मोठा सुजाण होता. लांबची वाहने वस्त्यांमधून घुसू नयेत, वस्तीने वस्ती म्हणून जगावे, यासाठी वाहतूक बाहेरच्या बाहेर वळवायची. पण हीच कल्पना १९६० च्या दशकात रस्ते अभियंत्यांच्या हाती आली, तेव्हा तिचा अर्थ उलटला. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या ग्रेटर लंडन कौन्सिलने ‘रिंगवे’ नावाने चार वर्तुळांची योजना पुढे रेटली. सर्वांत आतले वर्तुळ, रिंगवे-१, कॅम्डन, हायबरी, हॅकनी, ब्लॅकहीथ अशा दाट वस्त्यांवरून जाणार होते. वस्त्या वाचवण्यासाठी काढलेली रेघ आता त्याच वस्त्या पाडायला निघाली होती.

तिचा नमुना लोकांना आधीच पाहायला मिळाला. पश्चिमेकडून शहरात येणारा वेस्टवे हा उंचावरचा रस्ता १९७० मध्ये खुला झाला, तेव्हा नॉर्थ केन्सिंग्टनमधल्या अ‍ॅकलम रोडवरच्या घरांच्या खिडक्यांसमोरून मोटारी धावू लागल्या. आम्हाला इथून हलवा, असे फलक रहिवाशांनी उद्‌घाटनाच्या दिवशी लावले. त्याच वर्षी ‘रस्त्यांआधी घरे’ या मागणीचेच नाव घेतलेल्या पक्षाने कौन्सिलची निवडणूक लढवली. त्याला जागा मिळाली नाही, पण मुद्दा उरला. १२ एप्रिल १९७३ रोजी मजूर पक्षाने कौन्सिल जिंकली आणि रिंगवे रद्द केले. बाहेरच्या दोन वर्तुळांचे तुकडे जोडून पुढे एम-२५ झाला आणि २९ ऑक्टोबर १९८६ रोजी मार्गारेट थॅचर यांनी त्याचा शेवटचा टप्पा खुला केला. वाहतूक सुटी करण्यासाठी बांधलेला हा रस्ता लवकरच तुंबण्यासाठी प्रसिद्ध झाला. रस्ता मोठा झाला की लोक अधिक लांब राहू लागतात, गोदामे आणि बाजारसंकुले त्याच्या काठी सरकतात, आणि पूर्वी नसलेल्या फेऱ्या निर्माण होतात. मग रुंदीकरण येते आणि चक्र पुन्हा सुरू होते.

जे. जी. बॅलर्ड यांची ‘काँक्रीट आयलंड’ ही कादंबरी १९७४ ची. रॉबर्ट मेटलँड नावाच्या पस्तीस वर्षांच्या वास्तुविशारदाची जॅग्वार वेस्टवेच्या उतारावरून घसरते आणि रस्त्यांच्या मधल्या त्रिकोणी, गवताळ तुकड्यावर कोसळते. जखमी मेटलँड वर येऊन हात करतो, पण कोणी थांबत नाही. त्या वेगाने जाणाऱ्याला थांबता येतही नाही. आधुनिक रॉबिन्सन क्रूसो म्हणून ही कादंबरी बहुतेकदा वाचली जाते : एकाकीपणाची, मनाच्या तळाशी जाण्याची गोष्ट. ते वाचन चूक नाही, पण त्यात एक तपशील निसटतो. बॅलर्ड अपघाताची तारीख देतात : २२ एप्रिल १९७३. म्हणजे रिंगवेंना नकार देणाऱ्या मतदानानंतर बरोबर दहा दिवसांनी. लेखकाने ही तारीख जाणून निवडली असे म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही; पण वाचकाला ती शेजारी ठेवून पाहता येते.

तशी पाहिली की त्या बेटाची जमीन बोलू लागते. गवताखाली जुन्या घरांचे चौथरे आहेत, बॉम्बहल्ल्यातले निवारे आहेत, दफनभूमीचे अवशेष आहेत, एका पडक्या चित्रपटगृहाचे तळघर आहे. तळघरात जेन नावाची तरुणी राहते आणि प्रॉक्टर हा कधीकाळचा सर्कशीतला कसरतपटू तिथे आसऱ्याला आहे. म्हणजे बेट निर्जन नाही. रस्त्यासाठी पुसलेल्या मोहल्ल्याचा तो उरलेला कोपरा आहे. मेटलँडला हे कळत नाही, कारण तो वास्तुविशारद असला तरी या शहराकडे त्याने नेहमी वरून, काचेआडून पाहिले आहे. बॅलर्ड यांचे सामर्थ्य इथे आहे. मर्यादाही इथेच आहे : त्यांना रस पाडणाऱ्याच्या वर्गातल्या माणसात आहे. जेन आणि प्रॉक्टर त्याच्या कथेची सामग्री ठरतात. इथे पूर्वी कोण राहत होते आणि ते कुठे गेले, हे कादंबरी विचारत नाही.

इयन सिंक्लेअर यांचे ‘लंडन ऑर्बिटल’ (२००२) नेमके हे विचारायला निघते. हॅकनीत दीर्घकाळ राहणारे सिंक्लेअर मित्रांसह एम-२५ च्या कडेने टप्प्याटप्प्याने, घड्याळाच्या उलट दिशेने, पूर्ण फेरी चालतात. मोटारीसाठी केलेली रेघ पायांनी वाचायची, ही त्यांची पद्धत. त्यातून त्यांना जे सापडते ते कोणत्याही अहवालात एकत्र मिळणार नाही. व्हिक्टोरियन काळापासून लंडनने आपले मनोरुग्ण शहराबाहेर धाडले. क्लेबरी, शेन्ली, एप्समची प्रचंड रुग्णालये याच पट्ट्यात उभी राहिली. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंद झाली आणि त्यांच्या जागी कुंपणे घातलेल्या गृहवसाहती आल्या, ज्यांच्या जाहिरातींत महामार्गाची जवळीक हे आकर्षण असते आणि जागेचा पूर्वेतिहास नसतो. रिंगरोड हे शहराचे विस्मरण साठवण्याचे ठिकाण आहे, हे या पुस्तकाचे खरे प्रतिपादन आहे. ते पटते.

पण सिंक्लेअर यांच्या पुस्तकात रस्त्यावरची माणसे जवळजवळ दिसत नाहीत. मोटारी आवाज म्हणून येतात, धूर म्हणून येतात. पहाटे लॉरी हाकणारा, विमानतळावर साफसफाईच्या पाळीला जाणारी बाई, बाजारसंकुलात कामाला पोचण्यासाठी दोन बस बदलणारा मुलगा : यांच्यामुळे तो रस्ता चालतो, आणि यांना चालत फेरी घालण्याची सवड नसते. तिरस्काराने पाहिले की रस्ता म्हणजे नुसती वस्तू उरते.

हीच अडचण त्यांच्या २०१५ च्या ‘लंडन ओव्हरग्राउंड’मध्ये जास्त जाणवते, कारण यावेळचे वर्तुळ वेगळे आहे. उत्तर लंडनमधली जुनी रेल्वे १९६३ च्या बीचिंग अहवालात बंद करायच्या यादीत होती. लोकांनी विरोध केला म्हणून ती वाचली. पुढे कित्येक वर्षे ती दुर्लक्षित, अनियमित राहिली. २००७ मध्ये शहराच्या वाहतूक प्राधिकरणाने ती ताब्यात घेतली, ‘ओव्हरग्राउंड’ असे नाव दिले, फेऱ्या वाढवल्या, पूर्व लंडनची मार्गिका उत्तरेला आणि दक्षिणेला लांबवली आणि २०१२ मध्ये वर्तुळ जोडले. नकाशा काढून पाहावा : ही रेषा मोठ्या प्रमाणात त्याच भागांतून जाते जिथून रिंगवे-१ जाणार होता. त्या रस्त्याची आखणीच बऱ्याच ठिकाणी रेल्वेच्या कडेने केलेली होती. म्हणजे १९७३ मध्ये लोकांनी जे वर्तुळ मोटारींना नाकारले, तेच सुमारे चार दशकांनी, जुन्याच रुळांचा बराच आधार घेऊन, प्रवाशांना मिळाले. लंडनच्या अलीकडच्या इतिहासातली ही एक मोठी गोष्ट आहे आणि ती अजून कोणी नीट सांगितलेली नाही.

सिंक्लेअर ही फेरीही चालतात, एका दिवसात, चित्रपटकार अँड्र्यू कॉटिंग यांच्यासोबत. वाटेत अँजेला कार्टर यांचे क्लॅपम, फ्रॉइड यांचे हॅम्पस्टेड, लिऑन कॉसॉफ यांनी रंगवलेले रूळ भेटतात. आणि एक राग भेटतो : स्थानक आले की नव्या सदनिका येतात, महागडी कॉफी येते, भाडी वाढतात, जुने लोक हलतात. हा राग खोटा नाही. हॅगरस्टन आणि डाल्स्टन हे त्याचे दाखले आहेत. पण त्याचा रोख चुकला आहे. भाडी वाढतात ती घरांचे धोरण बाजारावर सोडल्यामुळे. त्याचे उत्तर भाडेकरूंना संरक्षण आणि परवडणारी घरे हे आहे. ज्या हॅकनीला भुयारी रेल्वे जवळजवळ मिळालीच नव्हती, तिथे रेल्वेबद्दल नाराज होणे हे नाही. केंद्राकडे जाणाऱ्या मार्गिकांच्या शहरात एका उपनगरातून दुसऱ्यात जायचे तर मध्यावर जाऊन परतावे लागते. त्यात वेळ जातो आणि भाडेही जास्त पडते. वर्तुळाकार रेल्वे तो हेलपाटा वाचवते. चालणाऱ्या लेखकाला हा लाभ दिसत नाही, कारण तो गाडीत बसत नाही.

प्रवासी इंग्रजी कादंबरीत कधी नव्हताच असे मात्र नाही. त्रिनिदादहून आलेल्या सॅम सेल्व्हन यांची ‘द लोनली लंडनर्स’ (१९५६) सुरू होते तीच बसमधून : हिवाळ्याच्या संध्याकाळी मोझेस ४६ क्रमांकाची बस पकडतो आणि बोटीने आलेल्या अनोळखी देशबंधूला उतरवून घ्यायला वॉटर्लू स्थानकावर जातो. बस त्याला मिळते चेप्स्टो रोडच्या कोपऱ्यावर. तिथून जवळूनच पुढे वेस्टवे गेला. मोझेससारख्यांना महागड्या, कोंदट खोल्या भाड्याने मिळत त्या याच भागात. सेल्व्हन यांना बस प्रतीक म्हणून वापरावी लागत नाही. ती येते, तिचे भाडे पडते, तिच्यात ओळखी होतात. २०२४ मध्ये ओव्हरग्राउंडच्या मार्गिकांना नावे दिली गेली, तेव्हा वर्तुळाच्या पूर्व आणि दक्षिण भागातून जाणारीला ‘विंडरश’ हे नाव मिळाले, कॅरिबियन स्थलांतरितांना घेऊन १९४८ मध्ये आलेल्या जहाजाचे. नाव पोचले. त्या गाडीतल्या माणसांची कादंबरी अजून यायची आहे.

हे सारे दूरच्या शहराचे म्हणून सोडून देता येत नाही, याला एका शब्दाचा पुरावा पुरेसा आहे. पुण्याच्या १९८७ च्या विकास आराखड्यात शहरातून फिरणारा सुमारे ३६ किलोमीटरचा एक वर्तुळमार्ग आहे. त्याचे इंग्रजी नाव ‘हाय कपॅसिटी मास ट्रान्झिट रूट’, म्हणजे पुष्कळ माणसे वाहून नेणारा सार्वजनिक वाहतुकीचा मार्ग. आपल्या वृत्तपत्रांत त्याचे बहुतेकदा ‘उच्च क्षमता द्रुतगती मार्ग’ झाले. ‘मास’ गेले, ‘द्रुतगती’ आले. पुढे त्याचा उन्नत रस्ता आखला गेला तेव्हा सहापैकी दोन मार्गिका बसला आणि चार इतर वाहनांना होत्या. भाषांतरात जे घडले तेच आराखड्यातही घडले. हा मार्ग अजून बांधला गेलेला नाही, म्हणून त्याच्या नावाबद्दल बोलायला वेळ आहे.

मुंबईच्या लोकलने मराठी लेखनाला डब्यातली माणसे दिली, कारण लेखक स्वतः त्या डब्यात उभे होते. आज आपल्या शहरांभोवती जमिनींची मोजणी चालू आहे, वर्तुळे आखली जात आहेत. त्यांच्यावर उद्या कथा-कादंबऱ्या येतील. त्या वाचताना समीक्षकाने आधी एवढे पाहावे, की निवेदक कुठे बसला आहे : सुकाणूमागे, की खिडकीशी जागा मिळण्याची वाट पाहत उभा आहे. आराखडा वाचतानाही हाच प्रश्न उपयोगी पडेल.