एकावन्न गुणांचा हिशेब

पात्र कसे घडते, हा कादंबरीविषयक टीकेतील एक जुना प्रश्न आहे. लेखकाने पात्राच्या अंगी जे गुण घातले त्यांवरून ते घडते, असे सामान्यतः धरले जाते. आणि म्हणूनच आपल्याकडील पुष्कळ परीक्षणांत नायकाच्या गुणांची यादी दिली, की स्वभावचित्रणाचे प्रकरण आटोपले असे मानण्यात येते. मला स्वतःला हे कधी पटलेले नाही. पात्राजवळ काय आहे यापेक्षा, ते मिळवताना त्याने काय सोडले, यात त्याचे पात्रपण अधिक असते. हे मत माझे मी कादंबऱ्या लिहिता लिहिता बनवले. परंतु त्याचा अत्यंत स्वच्छ, जवळजवळ भूमितीतील आकृतीसारखा दाखला मला पुस्तकात न मिळता एका संगणकीय खेळात मिळाला. त्या खेळाच्या एका अंगाचे परीक्षण येथे करावयाचे आहे.

खेळाला वाङ्मयीन टीकेत काय स्थान, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर साधे आहे. जेथे माणूस एक काल्पनिक व्यक्ती निर्माण करतो, तिला नाव देतो, तिच्या वतीने निवड करतो आणि त्या निवडीचे परिणाम भोगतो, तेथे पात्रनिर्मिती चालू असते. आणि जेथे पात्रनिर्मिती आहे तेथे ती चांगली की वाईट, हा प्रश्न विचारता येतो.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ अमेरिकेतील ब्लिझर्ड या संस्थेने २००४ साली काढला. हजारो माणसे आपापल्या घरून एकाच कल्पित जगात एकाच वेळी वावरतात, असा हा प्रकार. प्रत्येकाने आरंभी एक क्लास, म्हणजे पेशा, निवडायचा. वॉरियर, मेज, प्रीस्ट, ड्रुइड असे एकूण ९ पेशे तेव्हा होते. पहिल्या पातळीवरून निघून साठाव्या पातळीपर्यंत चढायचे. आणि दहाव्या पातळीपासून प्रत्येक पातळीला एक टॅलेंट पॉइंट मिळवायचा. मी त्याला ‘गुण’ म्हणतो. कारण आमच्या शिक्षकी पेशात या एका शब्दात सद्गुण आणि मार्क हे दोन्ही अर्थ सुखाने नांदतात. दहापासून साठपर्यंत असे ५१ गुण होतात. ते खर्च करण्यासाठी प्रत्येक पेशाला तीन गुणवृक्ष दिलेले आहेत. वृक्षाच्या एका ओळीतून पुढच्या ओळीत जाण्यास त्या वृक्षात पाच गुण घालावे लागतात. आणि सातव्या, शेवटच्या ओळीतील फळ हाती येण्यास ३१ गुण लागतात.

आता हा हिशेब पाहा. एका वृक्षाच्या टोकाला ३१, दोहोंच्या टोकांना ६२; आणि जवळ आहेत ५१. म्हणजे दोन वृक्षांची शेवटची फळे कोणालाही, कधीही, एका वेळी मिळू शकत नाहीत. मला या खेळातील राक्षस, किल्ले आणि जादूचे दिवे यांचे फारसे अप्रूप वाटले नाही. पण या ११ गुणांच्या तुटीने मात्र मी थक्क झालो. एखाद्या कादंबरीकाराने आपल्या नायकासाठी योजावी अशी ही तूट आहे. तिसऱ्या वृक्षाची तर गोष्टच नको.

या आराखड्याचा उत्तम आविष्कार प्रीस्ट या पेशात झाला आहे. या पेशाचा वंश १९७४ सालच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या बैठ्या खेळातील क्लेरिकपर्यंत जातो. त्या क्लेरिकलाही धारेचे शस्त्र वापरण्याची मनाई होती. पेशा म्हणजे काही गोष्टींना नकार, ही जाण या परंपरेत पहिल्यापासूनच आहे. प्रीस्टचे तीन वृक्ष म्हणजे डिसिप्लिन, होली आणि शॅडो. पहिल्याच्या टोकाशी पॉवर इन्फ्यूजन आहे. पंधरा सेकंदांपुरते कोणाचेही मंत्रसामर्थ्य विसांश टक्क्यांनी नव्हे, चांगले वीस टक्क्यांनी वाढवणारे हे दान बहुधा स्वतःसाठी न ठेवता शेजारच्या मेजला दिले जाते. दुसऱ्याच्या टोकाशी लाइटवेल, म्हणजे प्रकाशाची विहीर. ही विहीर प्रीस्टने मांडायची आणि जखमींनी आपण होऊन तिच्यापाशी येऊन बरे व्हायचे. प्रत्यक्षात लढाईच्या धुमाळीत तिच्याकडे फारसे कोणी फिरकत नसे, आणि खेळाडूंमध्ये ती थट्टेचा विषय झाली होती. परोपकाराचे इतके करुण चित्र मी क्वचितच पाहिले आहे.

पण खरे नाट्य तिसऱ्या वृक्षात आहे. त्याच्या टोकाशी शॅडोफॉर्म आहे. ते धारण केले, की प्रीस्टची सावलीची विद्या १५ टक्क्यांनी वाढते, त्याला बसणारे शस्त्रांचे घाव तितकेच कमी होतात. आणि त्या रूपात असेपर्यंत त्याला होली विद्येचा एकही मंत्र उच्चारता येत नाही. ज्याने सारे गुण याच वृक्षात घातले, त्याला चाळिसाव्या पातळीवर हे रूप मिळते. तोवर जखमा बांधण्यासाठी ज्याची ओळख होती, तो आता एक काळसर आकृती होऊन उभा राहतो. समोर सोबती पडत असेल तर त्याला आधी हे रूप टाकावे लागेल, आणि मग हात पुढे करावा लागेल. त्या दोन क्रियांमधल्या क्षणात जे आहे, त्याला मी पात्र म्हणतो.

येथे महाभारतातील कर्णाची आठवण होणे अपरिहार्य आहे. कवचकुंडले देऊन त्याने इंद्राकडून शक्ती घेतली, तीही एकदाच वापरता येणारी. अर्जुनासाठी राखलेली ती शक्ती घटोत्कचावर खर्च करावी लागली. ती शक्ती हवी तितक्या वेळा वापरता आली असती, आणि कवचही परत मिळाले असते, तर कर्ण अधिक समर्थ झाला असता यात शंका नाही. पण मग त्याच्यावर कोणी एक ओळही लिहिली नसती.

तरीसुद्धा निवड कधीच बदलता येऊ नये, असे माझे म्हणणे नाही. याच संस्थेच्या २०००च्या ‘डायब्लो २’ या खेळात एकदा खर्च केलेला गुण परत घेण्याची सोय नव्हती. ती २०१० साली आली. तेथे आरंभीच्या अज्ञानाची शिक्षा पात्राला जन्मभर भोगावी लागे. माणसाला पश्चात्तापाची वाटच नसेल, तर ती शोकांतिका होत नाही, नुसता अपघात होतो. वॉरक्राफ्टने यातून एक शहाणपणाची वाट काढली होती. शहरातील गुरूकडे जाऊन सगळे गुण परत घ्यावेत. पहिल्या खेपेस त्याची किंमत १ सुवर्णमुद्रा, पुढे ५, मग पाचपाचने वाढत ५० पर्यंत. पन्नास मुद्रा मिळवण्यास तेव्हा काही संध्याकाळी खर्ची पडत. म्हणजे बदलाला मुभा होती, पण तो फुकट नव्हता.

या रचनेवरील मुख्य आक्षेप दुसराच आहे, आणि तो वजनदार आहे. ‘निवड निवड म्हणता, पण निवडतो कोण?’ असा तो आक्षेप. कोणत्या वाटणीने सर्वांत अधिक मारा होतो याचे गणित काही हुशार खेळाडूंनी मांडले. बाकीच्यांनी ती वाटणी जशीच्या तशी उतरवून घेतली. ५१ गुण हाती, पण हिशेब दुसऱ्याच्या वहीतला! याचे मला नवल वाटत नाही. दहावी झालेली मुले पेढे घेऊन शाळेत येतात तेव्हा ‘सर, कोणती शाखा चांगली?’ असेच विचारतात. ‘मला कोणती शाखा आवडेल?’ असे विचारणारे मूल अनेक वर्षांत एखादे. चांगली शाखा कोणती याला आकड्यांत उत्तर देता येते, म्हणून तो प्रश्न सोपा. आपण कोण व्हावे याला आकडा नाही, म्हणून तो कोणी विचारीत नाही.

त्यातही एक गुंतागुंत आहे, आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. या खेळातील मोठ्या स्वाऱ्या चाळीस जणांच्या असत. २०१९ साली या संस्थेने जुना खेळ ‘क्लासिक’ या नावाने पुन्हा उपलब्ध करून दिला, तेव्हा मी एक प्रीस्ट घेऊन त्यात साठाव्या पातळीपर्यंत गेलो. एकट्याने रानोमाळ हिंडताना शॅडो वृक्षाने मला उत्तम साथ दिली. त्यातला अगदी पहिल्या ओळीतला स्पिरिट टॅप हा गुण शत्रू पडल्यावर प्रीस्टचे आत्मबल दुप्पट करतो. एक गुण घातला तर पाचांतून एकदा, पाच घातले तर प्रत्येक वेळी. दहाव्या पातळीपासून चौदाव्यापर्यंत ही खात्री हळूहळू वाढत जाताना मी अनुभवली आहे. पुढे मोल्टन कोरच्या स्वारीची वेळ आली, तेव्हा म्होरक्याने सांगितले, की शॅडो प्रीस्ट एक आहे, तेवढा पुरे. आपल्याला शुश्रूषा करणारे हवेत. मी गुरूकडे जाऊन मुद्रा मोजल्या आणि होलीकडे वळलो. माझ्या पात्राला काय वाटले, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, की त्याला एकोणचाळीस माणसांचा भार जाणवला. माझ्या आवडीची किंमत त्या एकोणचाळीस जणांनी का द्यावी, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आणि माझी आवड खोटी होती, असेही मला वाटले नाही. दोन्ही बाजू खऱ्या असणे, हीच तर कादंबरीची भूमी.

पुढील वर्षांत या खेळाच्या कर्त्यांनी ही भूमी हळूहळू सपाट केली. २००९ साली १००० मुद्रांत दोन वाटण्या एकदम बाळगण्याची सोय झाली. २०१० साली वृक्ष छाटण्यात आले, आणि एका वृक्षात ३१ गुण घातल्याखेरीज दुसऱ्याकडे पाहण्यास बंदी झाली. २०१२ साली तर वृक्षच तोडले. त्यांच्या जागी सहा ओळी आल्या. दर पंधरा पातळ्यांना एक, प्रत्येकीत तीन पर्याय, त्यांतून एक घ्यायचा. अशा एकूण ७२९ जुळण्या होतात. कर्त्यांचे निदान असे होते, की एकेक टक्क्याचे गुण ही खरी निवड नव्हे. सगळे तेच ते उतरवून घेतात. तेव्हा थोड्या पण ठळक निवडी द्याव्यात.

निदान बरोबर होते, उपचार चुकला. एकेक टक्क्याच्या गुणात निवड नसेल, पण वाढ होती. कादंबरीतही प्रत्येक पान निर्णयाचे नसते. नायक सकाळी उठतो, पाणी भरतो, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलतो. या पानांतून तो आपल्या नकळत मुरत जातो, आणि म्हणून निर्णयाचे पान आले की त्याला वजन येते. ती पाने अनावश्यक म्हणून काढून टाकली तर उरते ते संविधानक. नव्या आराखड्यात पंधरा पातळ्यांनी एकदा एक ठळक प्रसंग होता, आणि मध्ये कोरी पाने होती. शिवाय तीन पर्याय बहुधा एकाच गरजेची तीन उत्तरे असत आणि किरकोळ खर्चात बदलता येत. कशाचाही वियोग होत नव्हता.

२०२२ साली वृक्ष परत आले: एक पेशाचा आणि एक उपशाखेचा, २०२४ साली त्यांना हिरो टॅलेंटची तिसरी जोड मिळाली. रचना म्हणून हे नवे वृक्ष जुन्यांहून भरगच्च आहेत, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांतील गुण लढाई थांबली की फुकट परत घेता येतात. अनेक वाटण्या नावे देऊन साठवता येतात. आणि कोणी तयार केलेली अक्षरांची एक लांबलचक ओळ आणून चिकटवली, की सगळा वृक्ष एका क्षणात फळाफुलांनी बहरतो. वृक्ष परत आले, पण ऋतू परत आले नाहीत. ज्या प्रसंगाला जो वेष योग्य तो चढवणारा नट आपण पाहतो. त्याचे कौशल्य वादातीत आहे, पण वेष उतरल्यावर तो कोण, हे त्या वृक्षावरून कळत नाही.

यावर असे म्हणता येईल, की हा अखेर खेळ आहे, आणि खेळात माणसाने मोकळे असावे. हे मत मला मान्य आहे. पण मोकळेपण म्हणजे काय, यावर मतभेद आहे. ज्या निवडीने काहीच जात नाही ती निवड मोकळी नसते, हलकी असते. जुन्या वृक्षाखाली बसून पन्नास मुद्रांचा आणि अकरा गुणांच्या तुटीचा विचार करणारा खेळाडू दुसऱ्याची वाटणी उतरवून घेतानासुद्धा काहीतरी सोडत होता, आणि काय सोडले हे त्याला ठाऊक होते. आज त्याला सर्व काही मिळू शकते. पात्रनिर्मितीच्या दृष्टीने ही संपन्नता नाही.

जुना आराखडा निर्दोष होता, असा माझा दावा नाही. त्यात पुष्कळ गुण निव्वळ भरताडीचे होते, आणि काही पेशांचे वृक्ष तर अर्धवट लक्ष देऊन लावलेले दिसतात. तरीही ३१ आणि ५१ या दोन आकड्यांत त्याच्या कर्त्यांनी जी गोष्ट पकडली होती, ती पुढच्या कोणत्याही सुधारणेत त्यांना पुन्हा पकडता आली नाही, असे माझे मत आहे. ‘क्लासिक’मध्ये ते वृक्ष आजही पाहावयास मिळतात. आपल्या तरुण कादंबरीकारांनी ते एकदा पाहावेत, आणि आपल्या हातातील नायकाला विचारावे: तुझे ३१ कोठे गेले ते मला दिसते आहे; पण ज्या फळापर्यंत तू पोचला नाहीस, ते कोणते?