मारधाडीचा निवाडा

चित्रपटाची समीक्षा म्हणजे शुक्रवारी प्रदर्शित झालेल्या कृतीला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राने बहाल केलेले तारे, असा समज सुशिक्षितांत रूढ झालेला असला, तरी मारधाडीच्या आणि गुन्हेगारीच्या चित्रपटांपुरते बोलायचे तर त्यांचा खरा निवाडा नांदेड-लातूरसारख्या शहरांत, मध्यंतराच्या चहाभोवती जमलेल्या प्रेक्षकांच्या दोन-चार वाक्यांत होतो, आणि तो पुष्कळदा छापील समीक्षेहून अधिक काटेकोर असतो, असे माझे प्रामाणिक मत आहे. "हिरोनं हानलं ते ठीक हाय, पर त्याचं गेलं काय व्हतं?" हा प्रश्न विचारणाऱ्याने सौंदर्यशास्त्राचा ग्रंथ उघडलेला नसेल, परंतु नायकाच्या हिंसेमागे तितक्याच तोलाची हानी असली पाहिजे, हा शोकात्म नाट्याचा जुना दंडक तो अनायासे लागू करीत असतो.

ही रुची कोठे घडली, हे पाहण्यासारखे आहे. 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या या मुलखात तेलंगणाच्या सीमेलगतच्या देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या तालुक्यांना तेलुगू कधीच परकी नव्हती. पुढे उपग्रह वाहिन्यांनी चिरंजीवीचा 'इंद्र' (2002) आणि नागार्जुनाचा 'मास' (2004) हिंदी पेहरावात घरोघर आणले, आणि 2021 साली 'पुष्पा' आला तेव्हा त्याच्या नायकाला हिंदी आवाज श्रेयस तळपदे या मराठी नटानेच दिला. त्यामुळे नायकाचे आगमन, खलनायकाचा दरारा, ठोसा लागताना येणारा आवाज, या साऱ्या कारागिरीची या प्रेक्षकाला सूक्ष्म जाण आहे; दोरीवर लोंबकळणारा नट तो क्षणात ओळखतो, मात्र भावना खरी असेल तर ती दोरी उदारपणे माफही करतो.

एका ठिकाणी मात्र माझे या प्रेक्षकाशी जुळत नाही, आणि त्याच्याविषयी आदर असल्यामुळेच ते सांगणे मला अगत्याचे वाटते. 'सिंघम'मध्ये (2011) सारे पोलीसदल एक होऊन खलनायक जयकांत शिक्रेचा अदालतीबाहेरच निकाल लावते, तेव्हा प्रेक्षागृहात शिट्ट्यांचा कल्लोळ उठतो, याउलट श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून, तेंडुलकरांच्या पटकथेने, गोविंद निहलानींनी 1983 साली उभा केलेला 'अर्ध सत्य'मधील फौजदार वेलणकर गुंड रामा शेट्टीचा जीव घेतो आणि सरळ ठाण्यात जाऊन स्वतःला कायद्याच्या स्वाधीन करतो. पहिल्या शेवटात फिर्याद, साक्ष आणि शिक्षा एकाच हातात एकवटतात व प्रेक्षकाच्या मनावरचा भार उतरतो. दुसऱ्यात तो भार त्याच्याच खांद्यावर येऊन बसतो. कचेरीच्या पायऱ्या झिजवून थकलेल्या माणसाला पहिला शेवट गोड वाटावा, हे मी समजू शकतो. परंतु तो गोडवा त्याच्याच हक्कांच्या मुळावर येणारा आहे.

या प्रेक्षकाला नेमके ओळखले ते दिग्दर्शक निशिकांत कामत यांनी. 'डोंबिवली फास्ट'मध्ये (2005) त्यांनी एका सरळमार्गी कारकुनाचा संताप पायरीपायरीने पेटवला. 'लय भारी'त (2014) पंढरपूरच्या भक्तिभावाला मारधाडीची जोड देऊन लातूरच्या देशमुख घराण्यातील रितेशला मराठी पडद्यावर नायक म्हणून उभे केले, आणि लातूरकरांनी त्याला घरच्या मुलासारखे वागवले. मला मात्र यांहून मोलाचा वाटतो तो मूळ मल्याळम कथेवरून त्यांनी केलेला 'दृश्यम' (2015). त्यातला विजय साळगावकर चौथी नापास, केबलचा व्यवसाय करणारा, रात्र रात्र चित्रपट पाहणारा. आणि त्या पाहण्यातूनच पुरावा कसा उभा राहतो व कसा ढासळतो, याचे पोलिसांनाही पुरून उरणारे ज्ञान त्याने कमावलेले. ज्याला आपण रिकामटेकडा म्हणतो, त्या प्रेक्षकाच्या बुद्धीचा असा गौरव हिंदी पडद्यावर क्वचितच झाला आहे. 2020 साली कामत अकाली गेले, ही आपल्या चित्रसृष्टीची भरून न येणारी हानी होय.

प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न'ने (2018) जमीन विकून बसलेल्या शेतकऱ्याचा मुलगा गुन्ह्याकडे कसा ओढला जातो, हे दाखवले, तेव्हा हानीचा जाब मराठी चित्रपटाने चोख दिला. पण ती हानी पुण्याच्या वेशीवरची. मराठवाड्याच्या हानीचे दफ्तर अजून बांधलेलेच आहे. 2016 च्या मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 144 व्या कलमाखाली जमावबंदीचा हुकूम निघाला आणि एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. जेथे घागरीभोवतीची गर्दी फौजदारीचा विषय होते, तेथे गुन्ह्याच्या कथेला आणखी कोणते बीज हवे? तो चित्रपट मला मराठी दिग्दर्शकाकडून हवा आहे, आणि त्यातला फौजदार, टँकरवाला, रांगेतली म्हातारी यांनी प्रत्येक खेडुताच्या तोंडी घातली जाणारी ती कोल्हापुरी बोली न बोलता, उदगीर-अहमदपूरच्या बाजारात बोलतात तसे "काय करायलास?" असेच बोलावे, एवढा माझा आग्रह आहे.